समोरच्या घरी ठेवलेलं पस्थान

आमच्या घरात कुठं जायचं ठरलं की आधी भांडण होतं, मग चहा होतो, आणि मग कुठं ठरतं. डोंगरात जायचं मात्र मी एकटीनं ठरवलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं. डिसेंबर लागला होता, पोरांच्या शाळेला सुट्टी येत होती, गावाकडचं धान घरात आलं होतं. नवऱ्यानं जुनी का होईना, चारचाकी घेतली होती आणि ती बालाघाटच्या बाहेर निघायची ती फक्त लग्नाला नाहीतर मयतीला. मी म्हटलं, पुरे झालं. या खेपेला पचमढी. सिवनी, छिंदवाडा, तामिया, मग वर पचमढी.

"डोंगर पाह्याले इतक्या दूर?" नवरा म्हणाला. "गांगुलपाऱ्याचा घाट काय वाईट हाय?"

नवऱ्याचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. दुकान बंद ठेवायचं म्हटलं की तो कालचा गल्ला पुन्हा मोजायला बसतो. पण सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, दोघं त्याच्या मांडीवर चढून "पहाड, पहाड" करायला लागले तेव्हा त्याला हो म्हणावंच लागलं. आमची पोरं हिंदीत बोलतात. आम्ही घरात मराठी बोलतो, सासूबाई तर दुसरं काही बोलतच नाहीत, पण पोरं शाळेतून आणि गल्लीतून हिंदी घेऊन येतात. आजी मराठीत विचारते, नात हिंदीत उत्तर देते. त्यामुळं दोघींचं काही अडत नाही.

सासूबाई ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "आई, गाडीत पाच जण आरामात बसतात. तुम्ही मागं, खिडकीपाशी."

"मी कायले येऊ वं?" सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या. "तुमी जा, फिरून या. मले गाडी लागते. अन् घर कोण पाहीन?"

गाडी लागते हे खरं होतं. बसस्टँडवर उभ्या बसचा वास आला तरी त्या पदर नाकाला लावतात. खैरलांजीकडं त्यांचं माहेर आहे, तिथं त्या मोटरसायकलवर मागं बसून जातात, तोंडावर वारा लागतो म्हणून. एकदा नागपूरला जाताना शेजारच्या बाईच्या टोपलीत ओकल्या होत्या, तेव्हापासून लांबचा प्रवास म्हटलं की हात जोडतात. घर पाहायचं म्हणाल तर आमच्या घरात चोरानं न्यावं असं एक मिक्सर आहे, आणि तोही आवाज करतो.

पण दुसरंही एक कारण होतं, ते त्या बोलत नव्हत्या. आमच्याकडं जुनी माणसं पचमढीला पचमढी म्हणत नाहीत, मोठा महादेव म्हणतात. माझे सासरे, म्हणजे पोरांचे आबाजी, दर शिवरात्रीला गावातल्या गड्यांसोबत त्रिशूळ घेऊन मोठ्या महादेवाला जायचे. वापस आले की आठ-आठ दिवस घाटाच्या गोष्टी चालायच्या. आणि गोष्ट संपली की सासूबाईंना म्हणायचे, "पुढल्या खेपेले तुले नेतो." एका खेपेला लेकरं लहान होती, एका खेपेला त्यांची म्हातारी सासू आजारी होती, एका खेपेला गाडीत जागाच नव्हती. बघता बघता आबाजीच गेले, मागच्या पावसाळ्याच्या तोंडी. त्यांचा पितळी पानाचा डबा अजून ओसरीतल्या फळीवर आहे. सासूबाई रोज तो पुसतात. उघडत नाहीत.

म्हणून मला त्यांना न्यायचंच होतं. खरं सांगायचं तर माझ्या मनात सगळा बेत त्यांच्याभोवतीच होता. पोरांना काय, पोरं बागेतल्या घसरगुंडीवरही खूश असतात. पण त्यांना तसं तोंडावर म्हटलं असतं तर त्या गावाला निघून गेल्या असत्या.

मी तयारीला लागले. मोबाइलवर घाटांचे व्हिडिओ पाहिले, स्वेटर उन्हात टाकले, लाडू केले. नवऱ्याला विचारलं, टायर पाहिले का? तो म्हणे, पाहू. तिथल्या खोलीचं बोलला का? बोलू. या माणसाशी लग्न करताना मला कोणी सांगितलं नाही की याच्याकडं दोनच शब्द आहेत. एका रविवारी मीच म्हटलं, चला, आज घाटाची परीक्षा. आणि आम्ही चौघं बैहर रोडनं गांगुलपाऱ्याच्या घाटात गेलो.

तिसऱ्या वळणाला मुलगी म्हणाली, "मम्मी, पेट में कुछ घूम रहा है." मी पिशवी शोधेपर्यंत व्हायचं ते झालं. नव्या सीट कव्हरवर, माझ्या ओढणीवर, आणि धाकट्याच्या डोक्यावरही. तो हसत होता. नवरा खाली उतरून रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता हा काहीतरी बोलणार.

"सरळ नागपूरले जाऊ," तो घरी आल्यावर म्हणाला. "सपाट रस्ता. मॉल पाहू, वापस येऊ. एवढासा घाट झेपला नाई, तामियात काय होईन?"

मी तोंड उघडण्याआधी सासूबाई ओसरीतून कडाडल्या, "काहून बे? लेकरू एकदा ओकलं तर डोंगर रद्द? पोट्टीले घाटात कसं बसाचं थे कोणी शिकवलं काय? उपाशी नेली असन, नाईतर दूध पाजून नेली असन!"

दूध पाजूनच नेली होती. मी ओढणी धुवायला उठले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात शाळा भरली. सासूबाईंनी बाज मध्ये ओढली, पोरांना तिच्यावर बसवलं, खाली जुना पेपर अंथरला, कारण पेपरवर बसलं की पोटात ढवळत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. नातीच्या गालात आवळा सुपारी. मग बाजेचा एक पाय उचलून त्या बाज हलवायच्या आणि म्हणायच्या, "रस्त्याकडं नको पाहू. दूर पाह्य, दूर. थो जांबाचा शेंडा पाह्य." धाकटा हॉर्न वाजवायचा. नात जांबाच्या झाडाकडं इतकी डोळे फाडून बघायची की मला वाटलं आता हिचे डोळेच दुखतील.

मग एका दुपारी नात म्हणाली, "आजी, आप भी बैठो. ड्राइवर बनो."

सासूबाई इकडंतिकडं बघून बाजेवर चढल्या. मी आतून खिडकीतून पाहत होते, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सुपाचं स्टीअरिंग केलं. "चला बाप्पा. हा वैनगंगेचा पूल, हात जोडा. आता लालबर्रा. आता बरघाट, इथं गरम भजे भेटतात. थे सिवनी आली. आता छिंदवाडा, इथं डायवर चहा पेते, मुताले उतरा. आता तामिया... धरून बसा रे! एका बाजूनं डोंगर, दुसऱ्या बाजूनं काईच नाई. खाली पाह्यलं तर ढग. ढगाच्या खाली झाडं, मुंगीएवढे झाडं..."

त्यांनी तो रस्ता कधी पाहिला नव्हता. सिवनीच्या पलीकडं त्या गेल्याच नव्हत्या. आबाजी दर वर्षी सांगायचे आणि या ऐकायच्या. भजे, चहा, ढग, सगळं जागच्या जागी पाठ होतं. माझी पोळी तव्यावर करपली तरी मी खिडकीतून हलले नाही. मला रडू आलं, सरळ सांगते.

त्याच संध्याकाळी वाटाणे सोलताना मी विषय काढला. "आई, चला ना. एवढा रस्ता तोंडपाठ आहे तुम्हाला."

त्यांनी हातातली शेंग सोलली. मग म्हणाल्या, "ज्याच्यासंग जायचं होतं थो गेला. आता मी कोणासंग जाऊ?"

"आमच्यासोबत."

"तुमच्या गाडीत ओकत बसू? तुह्या नवऱ्याचा जीव आधीच सीट कव्हरात हाय." आणि शेंगांची टोपली उचलून आत गेल्या. मला इतका राग आला की मी टरफलं गायीला टाकायची सोडून केराच्या डब्यात टाकली. राग त्यांचा नव्हता. दर खेपेला पुढली खेप सांगणाऱ्या आबाजींचा होता, आणि गेलेल्या माणसावर राग काढायचा तरी कसा.

नवऱ्याला दुकान शुक्रवारीच सोडता येत होतं. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "शुक्रवारी मावळतीकडं जात नाई." नवरा म्हणाला, गाडीला वार कळत नाही. झालं, माय-लेकाची जुंपली. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली, "मंग बेस्तरवारी पस्थान ठेवतो."

पस्थान म्हणजे काय ते माझ्या माहेरीही होतं, पण मी विसरून गेले होते. निघायचा दिवस चांगला नसला तर चांगल्या दिवशी माणसाच्या नावानं पुरचुंडी बांधायची आणि ती शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस त्याच दिवशी घरातून निघालं. दुसऱ्या दिवशी जाताना पुरचुंडी घ्यायची आणि पोहोचलो की तिथं सोडायची. गुरुवारी सकाळी सासूबाई मांडी घालून बसल्या. प्रत्येकाच्या अंगावरच्या, वापरलेल्या कपड्याचा तुकडा हवा. नवऱ्याचा फाटका सदरा, माझी ओढणी, तीच ती घाटातली, मुलीचा आखूड झालेला फ्रॉक, धाकट्याचं लंगोट. प्रत्येकात नव्या धानाचे तांदूळ, एक हळकुंड, एक सुपारी. चार पुरचुंड्या झाल्या.

नात गुडघ्यावर हनुवटी ठेवून सगळं बघत होती. "आजी, आपकी वाली?"

"मी कुठं जाऊन राह्यली?"

"और ये वापस घर में ले आए तो?"

"हट्! वापस नाई आणत कधी. पस्थान ठेवलं म्हणजे माणूस निघालं. निघालेलं माणूस उंबऱ्यावरून वापस फिरलं तर लय वाईट. ज्याचं ठेवलं त्याले जाच लागते."

ताटात पुरचुंड्या ठेवून त्या समोरच्या काकींकडं देऊन आल्या. या काकी हिंदीवाल्या आहेत, पण वर्षानुवर्षं आमच्या समोर राहून आमचं सगळं त्यांना कळतं. त्यांनी ताट देवापाशी ठेवलं.

शुक्रवारी उजाडता उजाडता गाडी दारात उभी होती. नवऱ्यानं पहिल्यांदा आपणहून टायर पाहिले. पोरं स्वेटर-टोपीत गोल झाली होती. मुलगी मात्र गाडीत न बसता फाटकाला धरून उभी होती आणि समोरच्या घराकडं बघत होती. मला वाटलं, आजीला सोडून जायचं म्हणून हिचं काळीज हललं. माझंही हललंच होतं. सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. "पोट्टीले खिडकीत बसव. लाडू वर ठेव. पोहोचले की फोन करजा." नुसत्या सूचना देत होत्या, डोळ्यांत बघत नव्हत्या.

तेवढ्यात काकी ताट घेऊन आल्या आणि सासूबाईंना बघून म्हणाल्या, "अरे, आप अभी तक तैयार नहीं हुईं?"

"मी कायले तयार होऊ?"

"आपका भी तो रखा है." काकींनी ताट पुढं केलं.

ताटात पाच पुरचुंड्या होत्या. पाचवी जरा बेढब, पिवळीजर्द, तिला दोऱ्याचे इतके वेढे मारलेले की सोडायला कात्री लागावी.

"हे कोणं ठेवलं?"

"बिटिया कल दोपहर को दे गई. बोली, आजी भी चल रही हैं. मैं तो इतनी खुश हुई!"

सासूबाईंनी पुरचुंडी उचलली, कापड चिमटीत धरलं आणि एकदम ओरडल्या, "माह्या पातळाले कातर लावली! नव्या पातळाले! धुऊन दांडीवर टाकलं होतं वं, ए पोट्टे!"

मुलगी फाटकाच्या आड गेली. तिथूनच म्हणाली, "पहना हुआ चाहिए था ना. आपने ही बोला था."

नवऱ्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी ओठ चावून उभी राहिले, कारण मी हसले असते तर सगळंच बिघडलं असतं. सासूबाईंनी पुरचुंडी घेतली आणि तरातरा फाटकातून आत निघाल्या.

"अंदर कैसे ले जाओगी बहनजी?" काकी म्हणाल्या. "निकला हुआ आदमी वापस नहीं आता. आप ही तो कहती हैं."

त्या उंबऱ्याशी थांबल्या. एक पाय वर घेतलेला, तो तसाच. आजवर त्या नियमापायी त्यांनी लोकांच्या वराती थांबवल्या होत्या, आबाजींना पावसात उभं ठेवलं होतं. आता तोच नियम त्यांच्या हातात होता आणि पाठीमागं आम्ही सगळे होतो. मुलगी फाटकाच्या आडून बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, मैं आपको सिखाऊँगी ना. दूर देखना है. बस."

सासूबाईंनी पाय खाली घेतला. पुरचुंडी काकींच्या ताटात परत ठेवली, नाक पुसलं आणि माझ्यावर खेकसल्या, "पाहून काय राह्यली? माही शाल आण आतून. अन् दोन पातळं. फाटकं नको आणू, जे हिनं कातरलं थे सोडून आण!"

मी आत धावले. इतक्या घाईत मी कधी कोणाची पिशवी भरली नाही.

वैनगंगेच्या पुलावर त्यांनी हात जोडले. बरघाटला भजे मिळाले नाहीत, तर त्या माझ्या नवऱ्यावरच रागावल्या. तामियाच्या घाटात दोघी आजी-नात एका पेपरवर बसल्या, गालात आवळा सुपारी, नजर दूरच्या डोंगरावर. दोघींना काही झालं नाही. ओकले मी. मीच, बेत करणारी, टायर विचारणारी. सासूबाई माझी पाठ चोळत म्हणाल्या, "मोबाइलात पाहून राह्यली होती ना रस्ता? मंग?" ढग मात्र खरंच खाली होते. त्या घाट संपेपर्यंत काचेला नाक लावून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोठ्या महादेवाला गेलो. गुहेत डोकं टेकवून बाहेर आल्यावर एका दगडावर बसून सासूबाईंनी पुरचुंड्या सोडायला घेतल्या. एका माणसानं बोट करून चौरागडाचा डोंगर दाखवला, जिथं आबाजी त्रिशूळ वाहायला चढायचे. चार पुरचुंड्यांतले तांदूळ पाखरांना टाकले. पाचवीचा दोरा सुटता सुटेना. नवऱ्यानं दातानं तोडला.

आत तांदूळ नव्हते, पोहे होते. तांदळाच्या पिंपापर्यंत मुलीचा हात पोहोचला नव्हता. हळकुंड सापडलं नाही म्हणून हळद होती, तिनंच कापड पिवळं झालेलं. आणि अडकित्त्यानं अर्धी कातरलेली एक सुपारी.

सासूबाईंनी ती सुपारी बोटात धरली. उलटी करून पाहिली.

"हे कुठून घेतली वं?"

"आबाजी के डिब्बे से," मुलगी हळूच म्हणाली. "बाकी सब सुपारी तो आपने ले ली थी. एक यही बची थी. स्टूल पे चढ़के निकाली. आप गुस्सा हो?"

 आबाजी सुपारी अर्धीच कातरायचे, अर्धी नंतरसाठी ठेवायचे. हीच ती नंतरची अर्धी होती. नवऱ्यानं ओळखली आणि तो खाली बसला, तिथंच, धुळीत.  एक माकड पोह्यांकडं सरकत होतं आणि धाकटा त्याला "हट् हट्" करत होता.

"पुढल्या खेपेले नेतो, पुढल्या खेपेले नेतो," सासूबाई समोरच्या डोंगराकडं बघत म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "नेलं पाह्य बुढ्यानं."

नातीला त्यांनी जवळ ओढलं, तिच्या टोपीवर हनुवटी टेकवून थोडा वेळ तशाच बसल्या. पोहे माकडाला टाकले. सुपारी मात्र पदराच्या टोकाला बांधली, नीट दोन गाठी मारून, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "ऊठ. अन् जाताना गाडी हळू चालवजो. आता आपण सहा जण आहो."